पाटीवरचा प्रांत : तंजावरच्या वाहनक्रमांकांच्या निमित्ताने

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात मराठी माणूस गेला की तो शिखराकडे पाहून झाल्यावर हमखास एका भिंतीकडे वळतो. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये तेथे भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. मीही तेच केले. एक-दोन ओळी लागल्या, पुढच्या लागल्या नाहीत, आणि उन्हाने दमून बाहेर वाहनतळावर येऊन बसलो. प्रशासनात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. शिलालेख वाचता आला नाही तरी तो समोर जे सरकारी अक्षर दिसेल ते वाचू लागतो. समोर गाड्यांच्या पाट्या होत्या. टीएन ४९, टीएन ६८, टीएन ५०, टीएन ५१, टीएन ५५, आणि एका कोपऱ्यात धुळीने माखलेली एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची एक जीप.

बराच वेळ त्या पाट्या पाहिल्यावर ध्यानात आले की, आपण भिंतीवर जो इतिहास शोधत होतो त्याचा पुढचा भाग या पत्र्यांवर लिहिलेला आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

नावाच्या जागी क्रमांक

वाहनावर पाटी लावण्याची सक्ती प्रथम पॅरिसच्या पोलीस खात्याने १८९३ मध्ये केली. त्या पाटीवर मालकाचे नाव व पत्ता आणि सोबत क्रमांक असावा, असा तो हुकूम होता. ब्रिटनने १९०३ मध्ये मोटारींचा कायदा केला आणि १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी सक्तीची झाली. येथे मालकाचे नाव गळून पडले; राहिले ते अक्षर आणि आकडे. मालक कोण हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळण्याची गरज नाही, गरज पडेल तेव्हा सरकारला कळले म्हणजे झाले, हे तत्त्व त्यामागे आहे. म्हणजे पाटी ही खरे तर एका वहीची किल्ली आहे. वही नीट असेल तर पाटीला अर्थ. वहीच गहाळ असेल तर पाटी म्हणजे रंगवलेला पत्रा.

आपल्याकडे मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये आणि मद्रास इलाख्याने १९०७ मध्ये मोटारींसाठी आपापले कायदे केले. पुढे १९१४ मध्ये सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारा कायदा आला आणि १९३९ मध्ये त्याची जागा अधिक सविस्तर कायद्याने घेतली. १९३९ च्या कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात प्रत्येक प्रांताला अक्षरे वाटून दिलेली होती. त्या अक्षरगटानंतर जास्तीत जास्त चार आकडे, अशी रचना होती. मुंबईला 'बी' मिळाले, मद्रासला 'एम'.

पुढे भाषावार प्रांतरचना झाली आणि या वाटणीची तारांबळ उडाली. १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि महाराष्ट्रालाही 'एम' हवेसे झाले. तोवर 'एम'वर मद्रास बसलेले, शेजारी म्हैसूर आणि मध्य प्रदेशही त्याच अक्षराचे. मग दुसऱ्या अक्षरावरून विभागणी झाली. 'एमवाय' म्हैसूरचे, 'एमपी' मध्य प्रदेशाचे, आणि 'एमएच'पासून पुढचे गट महाराष्ट्राचे. जुन्या हिंदी चित्रपटांत मुंबईच्या मोटारींवर 'एमआर', 'एमएम' अशी सुरुवात दिसते ती यामुळे. १९६९ च्या जानेवारीत मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले आणि नव्या गाड्यांवर 'टी' आले. परंतु जुन्या 'एम'च्या गाड्यांचे क्रमांक कोणी काढून घेतले नाहीत. त्या गाड्या आपले जुने राज्य पाटीवर मिरवत तशाच धावत राहिल्या. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

४९ हा आकडा

आज आपण जी पद्धत पाहतो ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याच सुमारास, जून १९८९ मध्ये, केंद्राने अधिसूचना काढून प्रत्येक राज्याला दोन अक्षरे नेमून दिली. राज्याची अक्षरे, मग नोंदणी कार्यालयाचा दोन आकडी संकेतांक, मग मालिकेची अक्षरे, आणि शेवटी चार आकड्यांपर्यंतचा क्रमांक. 'आय' आणि 'ओ' ही अक्षरे मालिकेत सहसा टाळतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात.

महाराष्ट्राचे संकेतांक कोणी तरी नकाशा समोर ठेवून ठरवलेले दिसतात. मुंबईपासून निघावे, ठाणे, कल्याण, पेण करीत कोकणात उतरावे, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, मग घाट चढून कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२. तेथून नाशिक, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भात शिरून भंडाऱ्याच्या ३६ वर विसावावे. त्यानंतरचे ३७, ३८ आणि ३९ मात्र वाशीम, हिंगोली आणि नंदुरबार. पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखे हे शेवटी बसले, कारण हे जिल्हेच १९९८ आणि १९९९ मध्ये जन्माला आले. म्हणजे संकेतांकांच्या नुसत्या क्रमावरून कोणते घर जुने आणि कोणते वाटणीनंतरचे, हे पुष्कळ अंशी सांगता येते.

हाच नियम तंजावरला लावून पाहू. इंग्रजांनी १७९९ च्या तहाने सरफोजींकडून राज्यकारभार घेतला. किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख राजांकडे राहिला. १८५५ मध्ये शिवाजी राजे पुरुष वारस नसताना निवर्तले आणि तेवढेही गेले. इंग्रजी अमलात कावेरीच्या मुखाकडचा सगळा सुपीक प्रदेश मिळून एकच अवाढव्य तंजावर जिल्हा होता. स्वातंत्र्यानंतर त्याची फाळणी सुरू झाली. १९७४ मध्ये पुदुक्कोट्टै जिल्हा झाला तेव्हा तंजावरचा काही भाग तिकडे गेला. १९९१ मध्ये नागपट्टिनम वेगळा निघाला. १९९७ मध्ये तिरुवारूर. २०२० च्या डिसेंबरात नागपट्टिनममधून मयिलादुथुरै.

आता पाट्या वाचा. टीएन ४९ तंजावर, ५० तिरुवारूर, ५१ नागपट्टिनम, ५५ पुदुक्कोट्टै, ८२ मयिलादुथुरै. सरफोजींच्या ओळखीच्या मुलखातून आज गाडी हाकायची तर पाच संकेतांक भेटतात. त्यातही कुंभकोणमचा ६८ वेगळा आहे, आणि कुंभकोणम तर अजून तंजावर जिल्ह्यातच आहे. जिल्हा एक, संकेतांक दोन. कारण संकेतांक जिल्ह्याला मिळत नाही, नोंदणी कार्यालयाला मिळतो. कुंभकोणम हे राज्य परिवहनाच्या एका महामंडळाचे मुख्यालय असल्याने त्या भागात टीएन ६८ आणि पुढे 'एन' अशा पाटीच्या सरकारी बसगाड्या ठायी ठायी दिसतात. आपल्याकडे दापोडीच्या कार्यशाळेमुळे राज्यभरातील एसटीच्या कित्येक गाड्यांवर १४, चिकलठाण्यामुळे २० आणि हिंगण्यामुळे ४० दिसतो, तशातलाच हा प्रकार.

एक योगायोग मला तेथे बसल्या बसल्या सुचला. महाराष्ट्रात ४९ कोणाचा? पूर्व नागपूरच्या कार्यालयाचा. म्हणजे एमएच ४९ एका भोसल्यांच्या राजधानीत आणि टीएन ४९ दुसऱ्या भोसल्यांच्या. नागपूर १८५४ मध्ये खालसा झाले, तंजावर पुढच्याच वर्षी. ही जुळणी कोणी जाणून केली असण्याचा प्रश्न नाही. परंतु ज्या दोन गाद्या एकाच गव्हर्नर जनरलाच्या काळात, एकाच कारणाने बुडाल्या, त्यांना दीडशे वर्षांनी आकडाही एकच मिळावा, याची गंमत वाटते.

जेव्हा राज्यच जाते

आता जरा दूर जाऊ. राज्याची अक्षरे पाटीवर असतात. मग ते राज्यच नाहीसे झाले तर पाटीचे काय होते? हा प्रश्न आपल्याला काल्पनिक वाटेल. युरोपातील जुन्या साम्यवादी देशांना तो प्रत्यक्ष सोडवावा लागला.

पूर्व जर्मनीने १९५२ मध्ये आपली जुनी ऐतिहासिक प्रांतनामे मोडून काढली आणि देशाचे चौदा जिल्हे व राजधानी अशी नवी आखणी केली. लगोलग वाहनांच्या पाट्याही या आखणीवर बेतल्या. उत्तरेला समुद्रकाठचा रोस्टॉक 'ए', तेथून खाली सरकत दक्षिणेकडे ड्रेस्डेन 'आर', लाइपझिग 'एस', कार्ल मार्क्स श्टाट 'टी'. अक्षराचा गावाच्या नावाशी काही संबंध नाही. यात सोय होती, आणि थोडा हेतूही असावा. लोकांनी स्वतःला सॅक्सनीचे किंवा थुरिंजियाचे न म्हणता अमुक क्रमांकाच्या जिल्ह्याचे म्हणावे, हे त्या राजवटीला मानवणारेच होते.

पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये वेगळी पद्धत स्वीकारली. तेथे गावाच्या नावाचीच आद्याक्षरे पाटीवर आली. आणि येथे एका शासनाची दूरदृष्टी दिसते. त्या यादीत पूर्वेकडील, म्हणजे आपल्या ताब्यात नसलेल्या गावांसाठीही अक्षरे राखून ठेवली होती. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही देश एक झाले आणि १९९१ पासून पूर्वेच्या गाड्यांना पश्चिमेच्या पद्धतीची पाटी मिळू लागली. लाइपझिगला 'एल' मिळाले, ड्रेस्डेनला 'डीडी'. मधल्या काळात पश्चिमेतील एका जिल्ह्याने 'एल' वापरायला घेतले होते. तो ते सोडून तीन अक्षरांवर गेला. थोड्याच वर्षांत रोस्टॉकचा 'ए' आणि त्याची भावंडे रस्त्यावरून नाहीशी झाली. कार्ल मार्क्स श्टाटला तर १९९० मध्येच आपले जुने खेम्निट्स हे नाव परत मिळाले होते.

सोव्हिएत संघाची गोष्ट निराळी. १९९१ मध्ये एका देशाचे पंधरा झाले. रशियाने १९९३ मध्ये पाट्यांचे नवे मानक केले आणि त्यात एक विचारपूर्वक तडजोड केली. रशियन लिपीतली फक्त तीच बारा अक्षरे पाटीसाठी घेतली, ज्यांचा आकार रोमन अक्षरांसारखाच आहे. रशियन माणसाला ती आपलीच वाटतात, परदेशी पोलिसालाही वाचता येतात. प्रदेशासाठी मात्र अक्षरे न ठेवता आकडे ठेवले; मॉस्को ७७, सेंट पीटर्सबर्ग ७८. चेचन्याचा आकडा २० होता. युद्धाच्या अंदाधुंदीत तेथे चोरीच्या गाड्यांची नोंदणी इतकी झाली की त्या आकड्यावरचा विश्वासच उडाला. अखेर २००० मध्ये तो बाद करून ९५ दिला गेला आणि गाड्यांची नव्याने नोंदणी करावी लागली. वही बिघडली की पाटी बदलावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

या सगळ्यातून प्रशासनाने घ्यायचा एक धडा आहे. अक्षरे नावाला बांधलेली असतात, आकडे नसतात. ओरिसाचे ओडिशा झाल्यावर 'ओआर' जाऊन 'ओडी' आणावे लागले. उत्तरांचलाचे उत्तराखंड झाल्यावर 'यूए'चे 'यूके'. तेलंगणाने २०२४ मध्ये 'टीएस' सोडून 'टीजी' घेतले. याउलट औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. पण २०, २५ आणि १६ या आकड्यांना त्याचा धक्कासुद्धा लागला नाही. इंग्रज ज्याला टँजोर म्हणत, मराठे तंजावर आणि तमिळ लोक तंजावूर म्हणतात, त्या गावाला ४९ हा आकडा या वादात न पडता चालतो.

आणि दुसरा धडा तो मघाचा, 'एम'च्या जुन्या गाड्यांचा. आपल्याकडे राज्ये फुटली, नावे बदलली, परंतु नागरिकाच्या हातातला जुना क्रमांक सरसकट रद्द केला गेला नाही. नवे नवीन गाडीला, जुने जुन्यापाशी. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळी मालिका आली, तेव्हाही आधी नोंदलेल्या गाड्यांना मूळ क्रमांक ठेवण्याची मुभा राहिली. सत्तांतराचा भार नागरिकाच्या माथी कमीत कमी पडावा, ही समज यात आहे. ती कोणी भाषण करून शिकवलेली नाही. ती कारकुनी सवयीतून आलेली आहे, आणि म्हणूनच मला ती मोलाची वाटते.

पाटी कोणासाठी?

इथवर वाचणाऱ्यास वाटेल की हा सगळा छंदाचा विषय आहे. माझ्यासाठी तो एका प्रकरणापासून छंदाचा राहिला नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका उपविभागात प्रांताधिकारी होतो. धडक देऊन पळून गेलेल्या, ओळख न पटलेल्या वाहनाने कोणी दगावले तर कायद्याने ठरलेली एक ठोक रक्कम मिळते, आणि तेव्हाच्या १९८९ च्या योजनेनुसार त्या दाव्याची चौकशी महसूल अधिकाऱ्याकडे असे. रात्री शेतावरून परतणाऱ्या एका शेतमजुराला मालमोटारीने उडवले होते. त्याची बायको माझ्यासमोर उभी होती. सोबत साक्षीदार म्हणून भावकीतला एक म्हातारा. त्याने गाडी पाहिली होती. पाटीही पाहिली होती. "आकडा व्हता साहेब, पर चिखल व्हता त्याच्यावर. शेवटचं सात असावं." मी विचारले, आधीची अक्षरे? तो गप्प राहिला. त्याला वाचता येत नव्हते, आणि अक्षरे इंग्रजी होती.

त्या बाईला त्या वेळच्या नियमाप्रमाणे २५ हजार रुपये मंजूर झाले. पाटी वाचता आली असती तर मोटारीचा मालक सापडला असता, विमा कंपनी सापडली असती, आणि न्यायाधिकरणापुढे नवऱ्याच्या वयाचा व कमाईचा हिशेब होऊन कितीतरी अधिक भरपाई मिळू शकली असती. चिखलाचा एक थर आणि चार अक्षरे, एवढाच फरक. २०२२ च्या एप्रिलपासून ही ठोक रक्कम मृत्यूसाठी दोन लाख झाली आहे. ते योग्यच झाले. परंतु तेव्हापासून चित्रविचित्र वळणाची, दादा-मामा वाचता येतील अशी जुळवलेली पाटी पाहिली की मला हसू येत नाही.

नियम सांगतात की पाटीवर रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंकच असावेत. महाराष्ट्रात देवनागरीत आणि तमिळनाडूत तमिळमध्ये क्रमांक रंगवून घेण्याची हौस मोठी. स्वभाषेचा अभिमान मला परका नाही. पण त्या म्हाताऱ्याची अडचण या हौसेने सुटत नाही. त्याला कोणतीच लिपी येत नव्हती, आणि नागपूरची मालमोटार तंजावरात कोणाला उडवून गेली तर तेथल्या साक्षीदाराला देवनागरी आकडा काय उपयोगाचा? रशियाने बारा सामाईक अक्षरे शोधली, तशी सोय आपल्या लिप्यांत नाही. तेव्हा रोमन अक्षरे ही तडजोड आहे, आणि ती स्वीकारण्यातच शहाणपण आहे.

उच्च सुरक्षा पाटी त्यापुढची पायरी. तिचा नियम २००१ चा. ठेक्यांच्या अटींवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेले, २००४ मध्ये निकाल लागला, आणि तरीही सर्व नव्या गाड्यांना ती सरसकट मिळू लागली ती १ एप्रिल २०१९ पासून. जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. नियम करण्यास एक दिवस आणि तो पत्र्यावर उतरण्यास अठरा वर्षे, हा आपला वेग आहे.

परराज्यात जाणाऱ्याची अडचण तर जुनीच. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्याआधी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर, जुन्या कराचा परतावा. माझे एक आप्त पुण्याहून तंजावरला नोकरीस गेले. त्यांच्या एमएच १२ स्कूटरचे टीएन ४९ होईपर्यंत त्यांची तेथली नोकरी संपत आली होती. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'बीएच' मालिका आली, तिने बदलीच्या नोकरीतल्या काही लोकांची यातून सुटका केली. परंतु ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असणाऱ्या खासगी संस्थांच्या नोकरांना. स्वतःच्या हिमतीवर परगावी जाणाऱ्याला जुनाच रस्ता.

मोडीचे कागद

परतताना सरस्वती महालात थोडा वेळ गेला. तंजावरच्या मराठी दरबाराचे कागद मोडीत आहेत. कोणाला काय दिले, कोठे काय खर्च झाला, कोण कोठून आले, याच्या त्या नोंदी. लिहिणाऱ्या कारकुनाला वाटले असेल की आपले अक्षर सर्वांना वाचता येते. दोनशे वर्षांनी ते वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले, म्हणून ते पुन्हा बोलू लागले.

तंजावरातील मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते. तिला तमिळचा हेल आहे, पण ती मराठीच आहे. त्या घरांच्या दारातील स्कूटरवर टीएन ४९ असते. पाटी त्यांची भाषा सांगत नाही, कूळ सांगत नाही, साडेतीनशे वर्षांपूर्वी ते कोठून आले हेही सांगत नाही. ती एवढेच सांगते की या गाडीचा जबाबदार माणूस या गावच्या वहीत सापडेल. नोंदीने इतकेच करावे, आणि ते नेमके करावे.

वाहनतळावरून निघताना त्या कोल्हापूरच्या जीपचा चालक फडक्याने काच पुसत होता. मी त्याला मराठीत म्हटले, "बाबा, पाटीही पूस." तो चमकला, हसला, आणि खाली वाकून त्याने पाटीवरची धूळ पुसली.